मॉनिटर चांगला आहे, पण...

‘परत करण्याचे कारण निवडा.’

ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायची म्हटली की ही ओळ समोर येते आणि तिच्याखाली एक यादी उलगडते. वस्तू खराब निघाली. चुकीची वस्तू आली. सोबतचे भाग कमी आहेत. बॉक्स फुटलेला होता. आता नको आहे. बस्स! माणसाच्या सगळ्या अडचणी या पाचांत बसल्याच पाहिजेत, नाही बसल्या तर अडचण तुमची. असल्या याद्या बनवण्यावरच माझं पोट चालतं, त्यामुळे त्या कशा जन्माला येतात हे मला चांगलं माहीत आहे. जेवायच्या सुट्टीआधी दहा मिनिटं उरलेली असतात, मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, “अजून काही कारण असू शकतं का?” आणि बाकीचे घड्याळाकडे बघत म्हणतात, “नाही.”

असो. तर सांगायची गोष्ट आहे मामांच्या मॉनिटरची.

मामांचं मिरजेत डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावती पुस्तकं, वास्तुशांतीची निमंत्रणं, दहाव्या-तेराव्याची कार्डं. माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत जे जे कागदावर येतं ते सगळं मामा जुळवून देतात. मशीन २०१० सालचं. जी-४१ चिपसेटचा बोर्ड, विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि श्रीलिपी, मागे लावलेला डाँगल. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, पण मामांच्या संगणकाला इंटरनेटच नाही, त्यामुळे ही बातमी त्याच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, “मामा, नवीन घेऊ या.” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. “चौदा वर्षांच्या फायली हायत यात. परत कोण जुळवणार? तू?” यावर काय बोलणार! त्या फायली जुन्या फाँट एन्कोडिंगमध्ये आहेत. युनिकोडमध्ये आणल्या की जोडाक्षरं कुठे कुठे लोळतात ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही सगळे मिरजेत होतो. पाडव्याला मामांनी मशीनची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, आणि भाऊबीजेच्या दिवशी, म्हणजे ३ नोव्हेंबरला, मॉनिटर गेला. आधी अर्धा पडदा गुलाबी झाला, मग काळा. एरवी आठवडाभर दुकान बंद ठेवून चाललं असतं. पण वीस नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. उमेदवारी मागे घ्यायची मुदत चार तारखेला संपत होती, आणि ती संपली की खरे उमेदवार कोण ते कळतं, चिन्हं ठरतात, आणि पत्रकांचं काम सुरू होतं. पाच वर्षांतून एकदा येणारे पंधरा दिवस. त्यांच्या पाठोपाठ तुळशीचं लग्न आणि मग पत्रिकांचा सीझन. मामांचं वर्षाचं गणित या दीड महिन्यावर असतं.

भाऊबीजेच्या दिवशी दुकानं कुठली उघडी? जी एक-दोन होती त्यांच्याकडे व्हीजीएवाला नवा मॉनिटर नव्हता. “आता एचडीएमआयच येतात साहेब.” म्हणून रात्री मी बसून ऑनलाइन शोधला. यात घाई अजिबात केली नाही, हे आवर्जून सांगतो, कारण पुढे प्रत्येक कस्टमर केअरवाल्याने मला “सर, तुम्ही स्पेसिफिकेशन नीट वाचलं होतं का?” असं विचारलं. वाचलं होतं! चोवीस इंची, ८,२४९ रुपये. खालच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलेलं, ‘पोर्ट : एचडीएमआय १, व्हीजीए १’. फोटो मात्र सगळे पुढच्या बाजूचे. मागच्या बाजूचा एकही नाही. म्हणून तिथेच प्रश्न टाकला, की यात व्हीजीए पोर्ट नक्की आहे ना? तासाभरात विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘होय, आहे.’ दोन्हीचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. संशयी म्हणून नाही, हातवळणाने. पूर्वी दोन वर्षं टेस्टिंगमध्ये होतो, तिथे लागलेली ही सवय लग्नाच्या अल्बमपर्यंत टिकली आहे असं आमच्या हिचं म्हणणं आहे.

पैसे मामांनी लगेच रोख हातात ठेवले. मी नको नको म्हणत होतो. “भाच्याकडून घेऊ व्हय? उलटी गंगा!” म्हणाले. त्या नोटा कागदवाल्याला द्यायला बाजूला काढलेल्या होत्या, हे मला मामींनी नंतर सांगितलं.

गुरुवारी, सात तारखेला, मी पुण्यात हापिसात असताना मामांचा फोन. “अरे, आलाय. झकास दिसतोय. पण वायर कुठं लावायची?” मी व्हिडिओ कॉल केला. मामांनी मॉनिटर पालथा केला. एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट, एक हेडफोनचं भोक. व्हीजीए नाही. फोन इकडून तिकडून फिरवून बघितला. जे नाही ते कॅमेऱ्यात तरी कसं दिसणार?

आता ज्यांना हे पोर्ट प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. व्हीजीए म्हणजे तो निळा, पंधरा पिनांचा, बाजूला दोन स्क्रू असलेला. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर आणला आणि पुढची पंचवीसेक वर्षं जगातले झाडून सगळे मॉनिटर त्याच्यावर चालले. त्यातून जाणारा सिग्नल अॅनालॉग असतो. लाल, हिरवा, निळा, तिन्ही रंगांचं कमी-जास्त व्होल्टेज तारेतून सरळ वाहत जातं. एचडीएमआय डिजिटल, तिथे सगळा आकड्यांचा कारभार. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जायला नुसती वायर पुरत नाही, मधे दुभाष्या लागतो. आणि हा दुभाष्या एकमार्गी असतो. बाजारात ढिगाने मिळतो तो नव्या लॅपटॉपची एचडीएमआय जुन्या प्रोजेक्टरच्या व्हीजीएला जोडणारा. मामांना हवा होता त्याच्या नेमका उलटा, जुन्या संगणकाची व्हीजीए नव्या मॉनिटरच्या एचडीएमआयला. दिसायला दोन्ही सारखेच. एक दुसऱ्याचं काम करत नाही.

हे मी सांगेपर्यंत मामा स्वतः जाऊन अडीचशे रुपयांचा एक घेऊनही आले होते. अर्थात चुकीच्या दिशेचा. दुकानदाराने तो जिन्नस उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “राहू द्या मामा, पैसे घेऊन जा.” त्यात फॉर्म नाही, ओटीपी नाही. गंमत अशी की त्याच्या बिलावर खाली छापलेलं आहे, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ आणि ते बिलबुक छापलंय मामांनीच! मिरजेतल्या निम्म्या बाजाराची ही ओळ मामांच्याच हाताखालून गेलेली आहे. ती, ‘चू. भू. द्या. घ्या.’ आणि ‘वाद उद्भवल्यास सांगली न्यायकक्षेत’. तीन ओळी त्यांनी एका फाइलमध्ये तयारच ठेवल्यात.

तर मी परतीची विनंती टाकायला गेलो आणि कळलं, की या वस्तूला परतावा नाहीच. ‘सात दिवसांत फक्त बदली’. म्हणजे त्याच मॉडेलचा दुसरा नग, तोही बिन-व्हीजीएचा. असे शंभर बदलले तरी शंभरांना व्हीजीए नसणार. आणि बदली तरी कधी? तर तंत्रज्ञ घरी येऊन दोष आहे असं प्रमाणित करेल तेव्हा. कारणांच्या यादीत ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हा पर्याय मॉनिटरसाठी नव्हताच. ‘चुकीची वस्तू आली’ निवडलं, तर मॉडेल क्रमांक जुळतो म्हणून विनंती पाच मिनिटांत बाद.

मग फोन. वीस मिनिटं सनईसारखं काहीतरी ऐकल्यावर एक बाई आल्या. स्वभावाने चांगल्या होत्या, सगळं ऐकून घेतलं. आधी म्हणाल्या, कन्व्हर्टर घ्या. म्हटलं, तो घेऊन झाला. मग आवाज अंमळ खाली आणून म्हणाल्या, “सर, एक सांगू का? तुम्ही ‘स्क्रीन फ्लिकर होते’ असं टाका. तुमचं लवकर होईल.”

यावर मी मामांना कॉन्फरन्समध्ये घेतलं, कारण तंत्रज्ञ येणार तो त्यांच्याकडे. मामांनी ऐकलं आणि भडकलेच. “चालू वस्तूला खराब म्हणायचं? अन् ते पोरगं बघायला आलं की काय दाखवू त्याला? डोळे मिचकावतोय म्हणून सांगू?”

खरं सांगायचं तर बाईंचा सल्ला व्यवहाराला धरून होता. माझ्या ओळखीतले निम्मे लोक हेच करतात. हेडफोन आवडला नाही तर ‘डावीकडून आवाज येत नाही’, कीबोर्डचा रंग पसंत नाही तर ‘स्पेसबार अडकतो’. आणि ते चालतंसुद्धा. पण मामांची बाजू मला पटली. त्यांची कारणं त्यांच्या घडणीतली होती, माझी धंद्यातली. ज्या बगमध्ये कारण खोटं लिहिलेलं असतं तो कधीच दुरुस्त होत नाही. आम्ही फ्लिकर लिहिलं असतं तर कुठल्या तरी रिपोर्टमध्ये त्या मॉडेलच्या पॅनेलवर एक काट वाढली असती, आणि पानावरचा ‘व्हीजीए १’ हा खोटा तक्ता तसाच राहून पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसला असता. शिवाय रोखठोक भीतीही होती. तंत्रज्ञाने ‘दोष नाही’ लिहिलं की आमच्या बोलण्यावर पुढे विश्वास कोण ठेवणार?

बाईंना म्हटलं, तक्रारीत जे आहे तेच लिहा. पोर्ट नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी लिहिलं आणि तंत्रज्ञाची भेट ठरवून दिली.

तो आला मंगळवारी, बारा तारखेला. कार्तिकी एकादशी. मामींनी आधी खिचडी पुढे ठेवली, मग मॉनिटर. पोरगा सांगलीचा, हुशार. पाठीमागे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “मामा, यात व्हीजीए नाहीच की हो.” पण त्याच्या फोनमधल्या अॅपात दोनच बटणं होती : ‘दोष आढळला’ आणि ‘दोष आढळला नाही’. त्याने स्वतःचा लॅपटॉप एचडीएमआयने जोडून बघितला, चित्र लख्ख आलं. आता त्याने तरी काय दाबावं? ‘दोष आढळला नाही’. त्याच क्षणी माझ्या फोनवर मेसेज, ‘आपली विनंती यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे.’ यशस्वीरीत्या!

इथे मामांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. त्यांनी दुकानाचं लेटरपॅड काढलं आणि पोराला म्हणाले, “तुझ्या अॅपाचं तू बघ. मला कागदावर दे.” त्याने प्रामाणिकपणे दोन ओळी लिहिल्या : ‘मॉनिटर तपासला. चालू आहे. व्हीजीए पोर्ट नाही.’ खाली सही, तारीख, त्याचा कर्मचारी क्रमांक. मामांनी शेजारी दुकानाचा शिक्का मारला. शिक्क्याला कायद्याने काय किंमत ते देव जाणे, पण फोटोत त्याने फार वजन आलं.

त्या रात्री मी बसून नियम वाचले. आमच्या टीममधला जर्मनीतला एक सहकारी मला दुपारीच म्हणाला होता, “परत पाठवून दे ना, कारण कशाला लागतं?” त्यांच्याकडे ते खरंच लागत नाही. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येतात. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही. ‘आवडलं नाही’ एवढ्यावर परत घ्यायचं की नाही हे दुकानाच्या धोरणावर. पण ‘सांगितलं एक आणि दिलं एक’ ही गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. त्यात विक्रेत्याबद्दल साफ लिहिलंय, की माल सदोष किंवा बनावट असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म त्यात नसतील, तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येणार नाही. ‘सात दिवसांत फक्त बदली’ हे त्यांचं धोरण असेल, पण नियम धोरणाच्या वर.

दुसरं, प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. हे नाव सापडायला मला पंधरा मिनिटं लागली. पानाच्या तळाशी, अटी-शर्तींच्या पोटात, जिथे अंगठा सहसा पोचत नाही तिथे.

एक शंका होती. मामा धंद्यासाठी वापरणार, मग ते ग्राहक ठरतात का? व्यापारी कारणासाठी घेतलं तर कायदा लागू होत नाही असं ऐकलेलं. वाचल्यावर कळलं की त्याला अपवाद आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो माणूस वस्तू वापरतो, त्याचा वापर ‘व्यापारी’ धरत नाहीत. आणि विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. म्हणजे मीही बसलो, मामाही बसले. ज्याने कुणी ही कलमं लिहिली त्याने एखादा मामा जवळून पाहिलेला असणार.

मेल लिहिली ती सरळ बग रिपोर्टसारखी. अपेक्षित काय होतं : पानावरचा तक्ता, स्क्रीनशॉट. विक्रेत्याचं लेखी उत्तर, स्क्रीनशॉट. प्रत्यक्षात काय आलं : मागच्या बाजूचा फोटो, सिरियल नंबरसकट. तपासणी : तुमच्याच तंत्रज्ञाचा कागद. मागणी : बदली नको, पूर्ण परतावा, ज्या कार्डावरून पैसे गेले त्याच कार्डावर. शेवटी नियमाचा उल्लेख एका ओळीत. ‘मनस्ताप’, ‘फसवणूक’, ‘कोर्टात खेचीन’ असलं काही नाही. पहिल्या मसुद्यात होतं, ते हिने वाचून खोडलं.

चौदाला पोच आली, ठोकळेबाज. सोळाला उत्तर, ‘आपल्या विनंतीत दोष आढळलेला नाही.’ म्हणजे जोडलेलं कुणी उघडलंच नव्हतं. अठराला, सोमवारी, मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन लावला. सरकारी नंबर म्हणून मनाची तयारी ठेवली होती, पण चार मिनिटांत माणूस मिळाला, आणि मराठीत. या लोकांना हुकूम द्यायचा अधिकार नाही. ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात, एवढंच. पण तेवढ्याने खूप फरक पडतो, कारण तिकडे ती तक्रार दुसऱ्या रांगेत पडते. याच्या पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. बिलावर खाली बारीक अक्षरांत लांबच्या एका शहराची न्यायकक्षा लिहिली होती, पण २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. तेव्हा ई-दाखिल नावाचं पोर्टल होतं, २०२५ पासून ई-जागृती आलं. मी तयारी ठेवली होती. गरज पडली नाही. गुरुवारी, एकवीस तारखेला मेल आली : ‘विशेष बाब म्हणून परतावा मंजूर.’ हक्काला ‘विशेष बाब’ म्हणायची ही पद्धत आपल्याकडे जुनीच.

मधल्या काळात मामा काय करत होते? आठ तारखेलाच त्यांनी बंद पडलेल्या एका सायबर कॅफेवाल्याकडून सतरा इंची जुना मॉनिटर उसना आणला. त्याच्या खालच्या बाजूला तीन बोटं रुंद पट्टा पिवळा दिसायचा. त्यावर त्यांनी निवडणुकीची पत्रकं जुळवली. दोन मोठी कामं मात्र गेली. एक रंगीत होतं, पिवळ्या पट्ट्यावर रंगाचा अंदाज येईना म्हणून त्यांनीच परत पाठवलं. कागद उधारीवर घ्यावा लागला, तो महाग पडला. याची भरपाई कुठल्याही फॉर्ममध्ये मागायला जागा नव्हती, आणि मामांनी विषयही काढला नाही.

आता माल परत न्यायचं. ऑर्डर माझ्या नावाची, ओटीपी माझ्या फोनवर पुण्यात, वस्तू मिरजेत. तेवीस तारखेला, शनिवारी, पहिला माणूस येणार होता. त्या दिवशी मतमोजणी. गुलाल, डॉल्बी, रस्ते बंद. संध्याकाळी मला मेसेज : ‘ग्राहक घरी उपलब्ध नव्हते.’ मामा दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसलेले! मी तक्रार करणार होतो. मामाच म्हणाले, “जाऊ दे रे, त्या गर्दीत तो तरी कसा येणार.” दुसरा माणूस सव्वीसला आला. त्याला मूळ बॉक्स हवा, आतला थर्माकोल हवा, वायर, बारका स्क्रू, माहितीपत्रक, सगळं. बॉक्स होता. थर्माकोलचे दोन्ही तुकडे शेजारचं पोरगं किल्ला करायला मागून घेऊन गेलं होतं. दिवाळी संपली होती तरी त्याचा किल्ला काही संपला नव्हता. मामी गेल्या आणि बुरुजासकट घेऊन आल्या. एका कोपऱ्यावर तपकिरी रंग तसाच. त्या माणसाने एकदा रंगाकडे पाहिलं, एकदा मामींकडे, आणि सिरियल नंबर जुळवून बॉक्स बंद केला. मी मीटिंगमधून बाहेर येऊन फोनवर सहा आकडे सांगितले. गेला एकदाचा.

पैशांसाठी पुन्हा दोन पर्याय. ‘आमच्या वॉलेटमध्ये : लगेच’ आणि ‘मूळ कार्डावर : पाच ते सात कामाचे दिवस’. ‘लगेच’ हिरव्या रंगात, आधीच टिक केलेलं. या हिरव्या रंगापासून जपा मंडळी. वॉलेटमध्ये गेलेले पैसे त्यांच्याच दुकानात खर्चावे लागतात, आणि मामांचा कागदवाला तिथे बसत नाही. मी कार्ड निवडलं.

एकोणतीसला अॅपवर ‘परतावा पूर्ण’. कार्डावर काही नाही. बँक म्हणे व्यापाऱ्याला विचारा, व्यापारी म्हणे बँकेला विचारा. अशा वेळी एकच मागायचं : एआरएन. कार्डाच्या प्रत्येक परताव्याला तेवीस आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो दिला की बँकेला ‘आमच्याकडे काही आलेलं नाही’ म्हणता येत नाही, आणि तो देता आला नाही तर परतावा निघालेलाच नाही असं समजायचं. क्रमांक मागितल्यावर दोन दिवसांनी मिळाला. सहा डिसेंबरला ८,२४९ रुपये कार्डावर जमा झाले. मधे कार्डाचं बिल मी भरून टाकलं होतं, त्यामुळे ते शिल्लक म्हणून दिसले.

मी लगेच मामांच्या दुकानाच्या क्यूआरवर पाठवले. तिथला डबा मोठ्याने ‘आठ हजार दोनशे एकोणपन्नास रुपये प्राप्त झाले’ म्हणाला तेव्हा मामी एकट्याच दुकानात होत्या. कुणाचं बिल, कुणी दिलं, म्हणून त्यांनी उधारीची वही अर्धा तास चाळली.

मामांनी पुढच्या आठवड्यात सांगलीत एका ऑफिसातून निघालेल्या जुन्या सामानात एकोणीस इंची मॉनिटर बघितला. व्हीजीए, पट्टा नाही, बाराशे रुपये. दुकानदाराला लावून दाखवायला सांगितला, मागची बाजू स्वतः बोट फिरवून तपासली आणि मग घेतला. बाकीचे पैसे कागदवाल्याला गेले. ग्राफिक्स कार्ड टाकून एचडीएमआय करता आलं असतं, असं आमच्या हापिसातले दोघं-तिघं मला नंतर सांगत होते. आलं असतं. एक्सपीवर चालणारं जुनं कार्ड शोधा, त्याचा ड्रायव्हर शोधा, चौदा वर्षांचा पॉवर सप्लाय तग धरतो का बघा. ऐन निवडणुकीत चालू मशीन उघडायचं नाही, एवढं तर कुठलाही प्रॉडक्शन सर्व्हर शिकवतो.

डिसेंबरच्या शेवटी मी त्या मॉनिटरचं पान पुन्हा उघडून पाहिलं. तक्त्यात ‘व्हीजीए १’ तसंच. मी विचारलेला प्रश्न आणि त्याचं ‘होय, आहे’ हे उत्तर मात्र गायब. मग मी अभिप्राय लिहिला. तीन तारे दिले, कारण चित्र खरोखर चांगलं होतं आणि मामांनी बजावलं होतं की वस्तूला नावं ठेवायची नाहीत. खाली एकच वाक्य : यात व्हीजीए पोर्ट नाही. आणि मामांनी काढलेला मागच्या बाजूचा फोटो, ज्यात एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय. परवा बघितलं तर त्याखाली ‘एकतीस जणांना हे उपयोगी वाटले’ असं दिसत होतं, आणि जौनपूरच्या कुणीतरी विचारलं होतं, की भाईसाहब, फिर कौनसा लिया? उत्तर देणार आहे. आधी मामांकडून त्या जुन्या मॉनिटरचा मॉडेल नंबर घ्यायचाय.